पुढे गेलेल्यांचा घास

एका बाईंच्या लेखनातला एक शब्द मी बदलला. त्या शब्दापायी त्यांच्या आयुष्याचे काम त्यांच्या हातून गेले. ‘हा शब्द मीच लिहिला होता का?’ असे त्यांनी मला फोनवर विचारले, तेव्हा मी इंग्रजीत म्हणालो, ‘आय ॲम सो सॉरी.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे मी त्यांच्यावर सोडून दिले. मराठीत मला हे जमले नसते. मराठीत ‘वाईट वाटलं’ म्हणावे लागते, नाहीतर ‘माझं चुकलं’ म्हणावे लागते. दोहोंच्या मधे उभे राहायला जागा नाही. इंग्रजीने ती जागा दिली आणि मी तिथे काही वर्षे निवांत राहिलो. हे माझ्या पत्नीलाही ठाऊक नव्हते.

त्या बाईंचे नाव नेकेसा. केनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात मुलींच्या एका शाळेत त्या शिकवत. त्यांच्या भाषेत शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात आणि सिंगापूरच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. आमच्या घरी मात्र पहिल्या दिवसापासून त्या ‘नेकेसाबाई’ झाल्या. शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणायचे, एवढे संस्कार सुनंदाचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, पक्के होते.

त्यांचा विषय ख्रिस्ती धर्मशिक्षण. त्यांच्या देशात तो शाळेतला रीतसर विषय आहे; त्याचे पाठ्यपुस्तक असते, परीक्षा असते. मी सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका प्रकाशनसंस्थेत संपादक होतो. परदेशांतल्या शाळांसाठी क्रमिक पुस्तके तयार करणे हे आमचे काम. या दशकाच्या सुरुवातीला त्या विषयाचे नवे पुस्तक आमच्याकडे आले आणि ते लिहिण्यासाठी नेकेसाबाईंना काही महिने सिंगापूरला बोलावून घेतले. संपादनाला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून काम माझ्याकडे आले. आमचे मॅनेजर चुआ, वाक्याच्या शेवटी इथले लोक लावतात तो ‘लाह’ लावून, मोठ्या आनंदाने म्हणाले होते, “तू हिंदू, त्या ख्रिश्चन, मी फ्री-थिंकर, पुस्तक आफ्रिकेचं. व्हेरी सिंगापूर, लाह!”

ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, पन्नाशीच्या बाई. आमच्या ऑफिसातला एसी त्यांना सोसत नसे, म्हणून बाहेर घाम निथळत असताना त्या हातावर स्वेटर घेऊन यायच्या. इंग्रजी सावकाश बोलत. भरलेली घागर खाली ठेवावी तसा एकेक शब्द ठेवत. समोर एकच माणूस असला तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा लावायच्या. आणि हातांची एक सवय होती. एखादी गोष्ट पटली नाही की दोन्ही तळवे उताणे करून त्या हवेत हलकेच झेलल्यासारखे करायच्या. आमची आई सुपात ज्वारी घेऊन पाखडायची, अगदी तसे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चमकलोच. विचारले, तर म्हणाल्या, “पाखडतेय. आजीकडून जे आलं ते सगळं पुस्तकात जाणार नाही. आणि सगळं फेकलंही जाणार नाही. आमच्या लोकांनी आधी सगळं फेकलं. आता काहीजण सगळं परत आणायला निघालेत. सूप कोणाच्याच हातात नाही.”

हेच त्यांचे आयुष्याचे काम होते. त्यांचे वडील चर्चमध्ये धर्मशिक्षण देत आणि आजीने अखेरपर्यंत बाप्तिस्मा घेतला नव्हता. दोघे एकाच अंगणात राहत. दिवसा वडिलांकडून शिकलेले संध्याकाळी आजीला सांगायचे आणि आजीने सांगितलेले सकाळी वडिलांपासून लपवायचे, असे त्यांचे बालपण गेले. “मला कळेना, दोघं एकच सांगतात तर मी लपवतेय काय?” असे त्या म्हणायच्या.

पुस्तकातला प्रत्येक धडा त्यांनी आजीच्या अंगणातून सुरू केला होता आणि मग तो बायबलपाशी नेला होता. चोरी करू नये, हा धडा घ्या. त्यांच्याकडे रीत अशी, की वाटसरूला भूक लागली तर कोणाच्याही शेतातले कणीस खुडून तिथेच खावे. त्याला कोणी चोर म्हणत नाही. मात्र एक जरी कणीस झोळीत टाकले तर ती चोरी. आणि बायबलच्या जुन्या करारात मोशेने द्राक्षमळ्यासाठी हाच नियम दिलेला आहे: पोटभर खा, टोपलीत घालू नको. ते वाचून मी म्हणालो, “आमच्या आजोळीसुद्धा असंच. ऊस मोडून बांधावर बसून खा, पण मोळी बांधलीस तर आजोबा काठी घेऊन यायचे.”

बाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. “बघा! आता हा नियम कोणाचा? माझ्या आजीचा, मोशेचा, की तुमच्या आजोबांच्या काठीचा?”

त्यांना ऑफिसने बेडोकमध्ये एक खोली घेऊन दिली होती, आमच्या ब्लॉकपासून हाकेच्या अंतरावर. सुनंदाने एका रविवारी त्यांना जेवायला बोलावले. दार उघडेच होते. माझी मुलगी मैत्रेयी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती सोफ्यावर लोळत टॅबमध्ये डोके घालून होती. मान वर न करता ती म्हणाली, “हाय आंटी.” बराच वेळ गेला तरी बाई आत येईनात. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो, तर त्या उंबऱ्याबाहेर चपला काढून, हातात फळांची पिशवी घेऊन शांत उभ्या.

“या ना, बाहेर का?”

“मी अजून आलेले नाही,” बाई म्हणाल्या. “मला कोणी पाहिलंच नाही, तर मी येईन कशी?”

“आयो, बाबा, शी इज स्टिल आउटसाइड, लाह!” मैत्रेयी ओरडली आणि ताडकन उठून दाराशी गेली. बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे नाव विचारले, त्या नावाचा अर्थ विचारला, आई कशी आहे, बाबा कसे आहेत, आजी कुठे असते, तिचे गुडघे दुखतात का, सगळे विचारले. मैत्रेयीने आपल्या आजीच्या गुडघ्यांचा विचार आयुष्यात प्रथमच केला असावा. मग बाई आत आल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आज तुमचं नाव कळलं. बाबा मैत्रेयी.”

त्यांच्याकडे आईबापांना मुलांच्या नावाने हाक मारतात, आणि बापाला शब्दसुद्धा ‘बाबा’ हाच. मी तेव्हापासून त्यांचा ‘बाबा मैत्रेयी’ झालो. सुनंदाने त्या दिवशी भाकरी केली होती. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, जिला त्या उगाली म्हणत, ती इथे मनासारखी होत नाही अशी त्यांची तक्रार होती. भाकरीचा तुकडा मोडून, बोटांनी दाबून पाहून त्यांनी निकाल दिला: “ही आमच्या उगालीची शिकलेली बहीण.”

दुसऱ्या एका रविवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, घडलेली गोष्ट मी कधी विसरणार नाही. बेडोकचे ते दुपारचे हॉकर सेंटर म्हणजे गर्दीचा कळस. टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवून लोक जागा धरतात आणि खुशाल खाणे आणायला जातात, हे पाहून बाई थक्क झाल्या होत्या. “या देशात कागदाच्या रुमालाचाही शब्द पाळतात,” असे त्या ज्याला त्याला सांगत. आम्ही पाकीट ठेवले आणि बाईंनी चिकन राइस आणला. मी भाजीभात घेऊन बसलो.

खायला सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी चिकनचा एक चांगला तुकडा निवडला आणि ताटाच्या कडेला वेगळा ठेवला.

“आमच्याकडे बायकांना कोंबडी खायला बंदी होती,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीनं जन्मभर कोंबड्या पाळल्या, कापल्या, शिजवल्या आणि पुरुषांना वाढल्या. रस्सासुद्धा कधी चाखला नाही. ही रीत फोल. पाखडून टाकायची.” तळवे हवेत हलले. “मी पहिल्या पगाराची कोंबडी आणली, तेव्हा आजी गेलेली होती. म्हणून मी खाते तेव्हा आधी तिचा तुकडा. आज तीही सिंगापूरची कोंबडी खाईल.”

“आणि हे वडिलांना चालायचं?”

“वडील म्हणायचे, मेलेल्यांना घास कशाला? आजी म्हणायची, मेलेले कोण? ते पुढे गेलेत. रस्ता तोच आहे.” मग माझ्या ताटाकडे बोट करून म्हणाल्या, “तुमचा हात आत्ता हलला आणि थांबला. का?”

त्यांनी बरोबर पाहिले होते. वडील गेल्यापासून जेवायला बसताना त्यांच्या नावाचा एक घास बाजूला काढायची आईची पद्धत होती. ती मला लागली होती आणि इथे येऊन मी ती सोडली होती. सोडण्याचे कारणही सांगण्याजोगे नव्हते. ऑफिसच्या कँटीनमध्ये एकदा चुआंनी ताटाच्या कडेचा भात पाहून सहज विचारले होते, “फॉर स्पिरिट्स, आह?” समजावून सांगण्याचा कंटाळा आला, थोडी लाजही वाटली, मी हसून मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून घास काढला नाही. बाईंना मी यातले काही सांगितले नाही. म्हणालो, “सवय गेली.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “पोले.”

हा ‘पोले’ त्यांच्या तोंडी सतत असे. कोणाला ठेच लागली, कोणाचा प्रिंटर अडकला, कोणाची बस चुकली, की पोले. चुआंना गंमत वाटे. “व्हाय शी सॉरी? नॉट हर फॉल्ट, वॉट.” तेव्हा बाईंनी त्यांना समजावले होते, की पोले म्हणजे तुला लागलं ते मला दिसलं, एवढंच. आपल्या स्वतःच्या चुकीसाठी वेगळा शब्द आहे, निसामेहे, मला क्षमा कर. “तो जड शब्द आहे. तो रोज उचलत नाहीत.”

तो जड शब्द उचलायचा कसा, यावर त्यांचा एक सबंध धडा होता. त्याची चाचणी त्यांनी आमच्याच घरी घेतली. मैत्रेयीने चिनी भाषेच्या चाचणीचे गुण माझ्यापासून लपवले होते आणि ते नेमके नेकेसाबाई बसलेल्या असताना उघड झाले. सुनंदाने मराठीत तोफ डागली. मैत्रेयी गाल फुगवून म्हणाली, “सॉरी, लाह, बाबा.”

“हे काय होतं?” बाईंनी विचारले. “कोणाला ठेच लागली?”

मग त्यांनी धड्यातले नियम सांगितले. उभे राहून बोलायचे. आई ज्या भाषेत रागावते त्याच भाषेत बोलायचे, कारण चूक त्या भाषेत कळलेली असते. ती भाषा समजणारा एक साक्षीदार हवा. काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. आणि वाक्यात ‘पण’ आला, की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळे झाले म्हणजे दोघांनी एका ताटात जेवायचे.

मैत्रेयी उठून उभी राहिली. “बाबा, मी मार्क लपवले. माझं चुकलं, पण टीचरनं पण—”

“पण!” सुनंदा ओरडली. ती साक्षीदार होती आणि तिने ते काम फार मनावर घेतले होते.

“मी मार्क लपवले. माझं चुकलं. पण बाबा आधीच टेन्स होते—”

“पण!”

“आयो! ओके. मी मार्क लपवले. माझं चुकलं.” आणि एवढे बोलून ती पोरगी, जी तोवर हसत होती, एकदम रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतले, आणि आम्ही बापलेकींनी एका ताटात वरणभात खाल्ला. बाई मला म्हणाल्या, “पाहिलंत? ‘पण’ काढला की तो शब्द आत जातो. तोपर्यंत दारातच उभा असतो.”

आता ज्या धड्यासाठी हे लिहितो आहे, त्याकडे यायला हवे. पुस्तकात एक धडा आईबापाचा मान राखण्याच्या आज्ञेवर होता. बाईंनी त्यात आजीचा घास घातला होता. त्यांचे म्हणणे असे, की मान राखण्याची आज्ञा आईबाप जिवंत असेपर्यंतच लागू आहे असे कुठे म्हटलेले नाही. मृतांची पूजा करायची नाही, त्यांच्याकडे काही मागायचे नाही, पण त्यांना विसरायचेही नाही. हा तोल अवघड होता, आणि तो साऱ्या धड्यात त्यांनी एका शब्दयोजनेवर सांभाळला होता: ‘पुढे गेलेले’. मेलेले नाही, आत्मे नाही, पूर्वजही नाही. शेवटचा परिच्छेद लिहिताना त्या दोन दिवस अडून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “आजीचेच शब्द ठेवते. त्यांत कोणाला दोष काढता येणार नाही. रस्त्यावर पुढे गेलेल्या माणसाची कोणी पूजा करत नाही, आणि कोणी त्याला भीतही नाही.”

हस्तलिखित ऑफिसच्या संगणकावर ठेवून त्या मायदेशी परतल्या. अखेरचा हात माझा होता. चिनी पंचांगातला सातवा महिना, मृतांचे आत्मे घरी येतात असे मानतात तो, चालू होता. ब्लॉकखाली लोक कागदी नोटा जाळत होते, संत्री आणि उदबत्त्या मांडत होते, आणि ऑफिसात दिवसभर ‘स्पिरिट्स’चे विनोद चालत. त्या धड्याचे पान चार-पाच ओळींनी सांडत होते. बाईंची शब्दयोजना इंग्रजीत लांब होती आणि ती जागोजाग आली होती. मी तिच्या जागी सगळीकडे ‘स्पिरिट्स’ घातले. पान बसले. प्रुफे बाईंना दाखवायला हवी होती. मुदत जवळ आली होती, त्यांच्या गावात नेट चालत नव्हते. भाषेचाच तर फरक आहे, असे म्हणून मी ती परस्पर पास केली.

मला हा शब्द चुकीचा आहे हे कळत नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. त्या इमारतीत तो शब्द चुकीचा आहे हे कळणारा माणूस मी एकटाच होतो. पण माझ्या वडिलांना मी त्याच शब्दात बसवून मोकळा झालो होतो. स्वतःच्या बापासाठी जो शब्द चालवून घेतला, तो दुसऱ्याच्या आजीसाठी खटकला नाही.

पुस्तक त्यांच्या देशातल्या परीक्षण समितीपुढे गेले. तिथे हा धडा मुलींना भुताखेतांना नैवेद्य दाखवायला शिकवतो, असा आक्षेप आला. धडा वगळला गेला. पुस्तकावरचे बाईंचे नाव गेले. त्यांची शाळा चर्चच्या आश्रयाने चालणारी; तिथे चौकशी झाली आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण हा विषय त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. त्यांना शाळेच्या ग्रंथालयात बसवले.

समितीचा अभिप्राय आला त्या दिवशी चुआंनी मला बोलावून विचारले, “हा शब्द त्यांचा की आपला?”

मी म्हणालो, “धडा त्यांचाच आहे.”

सिंगापुरात काम करण्याच्या माझ्या पासचे नूतनीकरण त्याच महिन्यात होते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी मनात काय होते ते सांगतो.

त्यानंतर बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा शेवटच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता. “बाबा मैत्रेयी, छापलेलं पान त्यांनी मला दाखवलं. तो शब्द तिथे आहे. सगळीकडे आहे. मला आठवत नाही. शेवटच्या दिवसांत मी फार थकले होते. तो मीच लिहिला होता का?”

हस्तलिखित माझ्यासमोर संगणकात होते. मी म्हणालो, “आय ॲम सो सॉरी, म्वालिमू.”

मग त्या म्हणाल्या, “पोले म्हणालात. आभारी आहे.” आणि फोन ठेवला.

पुढे वर्षे गेली. ईस्टरला आणि दिवाळीला शुभेच्छांची देवाणघेवाण होत राहिली. मैत्रेयी शिकायला बाहेर गेली. दशक संपत आले असताना एका सकाळी फोन वाजला आणि तोच आवाज, पूर्वीसारखा भरदार: “बाबा मैत्रेयी, मी तुमच्या देशात आहे. मला कोणी पाहणार आहे का?” त्यांची मुलगी इथल्या विद्यापीठात संशोधनासाठी आली होती, क्लेमेंटीला खोली घेऊन राहत होती. बाई तिला भेटायला आल्या होत्या. कुठे भेटायचे, असे विचारले तर म्हणाल्या, “जिथे माझी आजी जेवली होती तिथे.”

मी आणि सुनंदा बेडोकच्या हॉकर सेंटरला आधी पोहोचलो, टिश्यूचे पाकीट ठेवून जागा धरली. बाई आल्या. केस पांढरे झाले होते, चालण्यात किंचित झुकाव आला होता, हातावर स्वेटर होता. टेबलापासून दोन पावलांवर त्या थांबल्या. सुनंदा चटकन उठली, त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले, मुलगी कशी आहे, प्रवास कसा झाला, सगळे विचारले. तेव्हा त्या टेबलाशी आल्या.

चिकन राइस आला. त्यांनी एक चांगला तुकडा निवडून ताटाच्या कडेला ठेवला. गप्पा झाल्या. ग्रंथालयात बरे चालले आहे म्हणाल्या; मुली येतात, पुस्तके मागतात, आणि कधी कधी एखादी हळूच विचारते, म्वालिमू, तो कणसाचा धडा सांगा ना. मग सुनंदाने निरागसपणे विचारले, “बाई, त्या वेळी तुम्हाला फार वाईट वाटलं असेल, नाही?”

“विषय गेला त्याचं वाटलं,” बाई म्हणाल्या. “पण ते सोसण्यासारखं होतं. आजीचं सोसवेना. घरामागे केळी आहेत, तिथे तिला ठेवलंय. चौकशी संपली त्या संध्याकाळी मी तिथे जाऊन उभी राहिले, आणि तिला म्हणाले, निसामेहे. मी थकले होते, मला भान नव्हतं, मी तुला भूत म्हटलं. साक्षीला माझ्या मुलीला नेलं होतं.” त्यांनी ताटाच्या कडेचा तुकडा किंचित सरळ केला. “अजूनही दरवर्षी जाऊन म्हणते. कारण मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यात ‘पण’ होता. थकले होते, हा ‘पण’च ना?”

माझ्या हातातला चमचा मी खाली ठेवला. त्या शब्दाने त्यांचे काम गेले, हे मला इतकी वर्षे ठाऊक होते आणि तेवढ्या ओझ्याची मला सवय झाली होती. माझ्या चुकीची क्षमा त्या वर्षानुवर्षे एका थडग्याशी मागत आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

इंग्रजीत, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना सांगितले: तो शब्द तुमचा नव्हता. मी घातला. पान बसत नव्हते. विचारलेत तेव्हा मी सांगितले नाही.

सुनंदा माझ्याकडे पाहत होती. बाई पाहत नव्हत्या. त्यांनी तळवे उताणे केले, पण ते हवेत हलले नाहीत. तसेच मांडीवर राहिले. आजूबाजूला भांड्यांचा आवाज चालू होता. त्या म्हणाल्या, “फोनवर तुम्ही सॉरी म्हणाला होतात. मी त्याला पोले समजले.”

“मी तसं समजू दिलं.”

“बाबा मैत्रेयी, तुमच्या मुलीनं हे कसं केलं होतं?”

यानंतर मी त्या समितीला आणि शाळेला खरे काय ते लिहून कळवले, हे इथेच सांगून टाकतो. कागदावरची दुरुस्ती सोपी होती. बाईंच्या त्या प्रश्नावर मी उभा राहिलो. मी निघालो असे वाटून हातात ट्रे घेतलेला एक तरुण लगबगीने जवळ आला. “अंकल, यू गोइंग ऑलरेडी, आह?” मी मानेनेच नाही म्हटले. तो थोडा मागे सरकला आणि तिथेच उभा राहिला. सुनंदाने डोळे पुसून पाठ ताठ केली. ती साक्षीदार होती. बाईंनी आपले ताट टेबलाच्या मध्यावर सरकवून ठेवले.

‘पण’ जिभेवर आला होता. एकदा नव्हे, दोनदा आला. मी तो गिळला. त्या ताटाच्या कडेला ठेवलेल्या तुकड्याकडे पाहत, माझी आई ज्या भाषेत मला रागावायची त्या भाषेत, आसपासच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो:

“नेकेसाबाई, ‘पुढे गेलेले’ हे तुमचे शब्द मी पुसले आणि तो शब्द मी लिहिला. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी लपवलं. माझं चुकलं. आजी, तुमची नात तुम्हाला तसं कधीच म्हणाली नव्हती. ते मी म्हणालो. माझं चुकलं.”